आठव्या दिवसाची सुंता

अलिबाग, पेण, रोहा या पट्ट्यात तेलाचे घाणे चालवणाऱ्या बेने इस्रायल ज्यूंना गावकरी ‘शनवार तेली’ म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. भाषा मराठी, आडनावे केहीमकर, दिवेकर, पेणकर अशी गावांवरून पडलेली. पिढ्यान्‌पिढ्या धर्मग्रंथ हाताशी नव्हते आणि हिब्रूही जवळजवळ विसरली गेली होती. तरी मुलाची आठव्या दिवशीची सुंता टिकून राहिली. आठवा दिवस शनिवारी आला तरी ज्यू धर्मात हा विधी पुढे ढकलत नाहीत. मूल आजारी असेल तर थांबतात. एलियाहू हन्नबी, म्हणजे प्रेषित एलिया, हजर राहतो या श्रद्धेने त्याच्यासाठी एक खुर्ची राखून ठेवतात आणि बाळाच्या ओठांना द्राक्षरसाचा थेंब लावतात.

दावीद रहाबी नावाच्या बाहेरून आलेल्या ज्यूने या समाजाला ओळखले आणि झिराडकर, राजपूरकर व शापूरकर या घराण्यांतील तिघांना धर्मकार्य शिकवले, असे परंपरा सांगते. त्यांना काजी म्हणत. ते गावोगाव जाऊन लग्ने लावत, सुंता करत. या विधीला ना मंदिर लागत होते ना ग्रंथ. एक जाणता माणूस आणि एक धारदार सुरी एवढ्यावर भागत होते. मुंबईत 1796 साली समाजाचे पहिले सिनेगॉग उभे राहिले. त्याआधीच्या काळात हा विधी तगला, त्यात श्रद्धेइतकाच या अल्प खर्चाचा वाटा असावा.

मुसलमान समाजात असा ठरलेला दिवस नाही. कुठे तान्हेपणी, कुठे पाच-सात वर्षांचा झाल्यावर मुलाचा खतना होतो. पूर्वी हे काम न्हाव्याकडे, म्हणजे हज्जामाकडे असे. जेवणावळ, नवे कपडे, पाहुणे हे सगळे त्याला जोडलेले असल्याने पैशाची सोय होईपर्यंत मुहूर्त लांबतो. म्हणूनच काही ठिकाणी दोन भावांचे एकदमच उरकतात किंवा जमातीच्या मोफत शिबिराची वाट पाहतात. शहरांत आता दवाखाना गाठण्याकडे कल आहे. तिथे प्लॅस्टिकची कडी बसवली, तर साधारण आठवड्याभरात ती कातडीसह गळून पडते.

धर्माचा संबंध नसतानाही सुंता रूढ झाली ती अमेरिकेत. विसाव्या शतकात बाळंतपणे रुग्णालयात होऊ लागली, तशी ती तिथल्या नेहमीच्या उपचारांत जाऊन बसली. ब्रिटनमध्येही सुखवस्तू घरांत ती प्रचलित होती. पण 1948 मध्ये सुरू झालेल्या सरकारी आरोग्यसेवेने नवजात मुलांच्या सरसकट सुंतेचा खर्च उचलला नाही. 1949 मध्ये डग्लस गेअर्डनर या बालरोगतज्ज्ञाने लेख लिहून या शस्त्रक्रियेची गरजच नाकारली आणि प्रमाण झपाट्याने घसरले. अमेरिकेत रुग्णालयात सुंता झालेल्या नवजात मुलांचे प्रमाण 1979 मध्ये 64.5 टक्के होते, ते 2010 मध्ये 58.3 टक्क्यांवर आले. गरिबांसाठीच्या मेडिकेड योजनेतून हा खर्च देणाऱ्या राज्यांत सुंता अधिक होतात, असे तिथल्या पाहणीत आढळले. 2012 मध्ये अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, फायदे धोक्यांपेक्षा जास्त आहेत पण प्रत्येक मुलाची सुंता करावी इतके नाहीत, असे मत दिले आणि पालकांना हवी असल्यास विम्याने पैसे द्यावेत, अशी पुस्तीही जोडली. काढलेल्या कातडीलाही बाजार आहे: तिच्यातील पेशी वाढवून जखमेवर लावायची कृत्रिम त्वचा बनते. सुंतेच्या विरोधकांच्या हाती हा मुद्दा आयताच सापडतो.

वैद्यकीय बाजूचा एक धागा पुण्यात सापडतो. राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेशी संबंधित गुप्तरोग दवाखान्यांतील पुरुषांच्या अभ्यासात सुंता झालेल्यांना एचआयव्हीची लागण बरीच कमी दिसली. 2004 मध्ये तो ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. आफ्रिकेतील तीन चाचण्यांनंतर 2007 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिथल्या जास्त लागणीच्या देशांसाठी पुरुषांच्या ऐच्छिक सुंतेची शिफारस केली. भारताने असा कार्यक्रम हाती घेतला नाही. 1947 च्या दंगलींत माणसाचा धर्म ओळखायला त्याचे कपडे उतरवले गेले. अशा देशात ही शस्त्रक्रिया निव्वळ आरोग्याची बाब म्हणून लोकांसमोर मांडणे अवघडच होते.

खरा पेच वयाचा आहे. तान्हेपणी जखम लवकर भरते आणि स्थानिक भूल पुरते. मोठ्या मुलाला सहसा पूर्ण भूल द्यावी लागते आणि खर्च वाढतो. म्हणजे जे वय सर्वांत स्वस्त, त्याच वयात मुलाला विचारता येत नाही. 2012 मध्ये जर्मनीतील कोलोनच्या न्यायालयाने एका चार वर्षांच्या मुलाच्या प्रकरणात धार्मिक सुंता ही शारीरिक इजा ठरवली. ज्यू आणि मुस्लिम संघटनांनी तीव्र हरकत घेतली आणि त्याच वर्षी संसदेने पालकांना परवानगी देणारा कायदा केला. त्यात पहिल्या सहा महिन्यांपर्यंत डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षित धर्मसेवकालाही ती करता येते. आठव्या दिवसाची परंपरा या तरतुदीत बसते. सात वर्षांच्या मुलाच्या खतन्याला डॉक्टर लागतो.

भारतात कोणी आणि कोणत्या वयात सुंता करावी, याचा स्वतंत्र कायदा नाही. लहान मुलांची सुंता बेकायदा ठरवावी, अशी याचिका केरळ उच्च न्यायालयात आली होती. ती वृत्तपत्रांतील बातम्यांवर आधारलेली असल्याने ग्राह्य नाही, म्हणून 2023 मध्ये फेटाळली गेली.