थकलेले लेकरू आळशी नसते

"शाळेतून आला की पडून राहतो, चार पायऱ्या चढला की दमतो," असे आयाबहिणी सांगतात तेव्हा आम्ही अस्वस्थ होतो. कोणी त्या लेकराला आळशी ठरवतो, कोणी त्याची दृष्ट काढतो. कारणावाचून कार्य नाही, ही तथागतांची शिकवण. तेव्हा या थकव्याचेही कारण पाहू या.

आपल्या शरीरातील बहुतेक पेशींत तंतुकणिका, म्हणजेच मायटोकॉन्ड्रिया असतात. या पेशीच्या भट्ट्याच होत. तंतुकणिकेला दुहेरी आवरण असते. बाहेरचे गुळगुळीत, आतल्याला घड्याच घड्या. नऊवारी लुगडे निऱ्या घातल्याने थोड्या जागेत मावते, तसेच हे. घड्यांमुळे कामाला जागा वाढते. भाकरीतून मिळालेल्या साखरेपासून इथे प्राणवायूच्या मदतीने एटीपी नावाची शक्ती तयार होते. साखरेच्या एका रेणूपासून प्राणवायूविना अवघे २ एटीपी मिळतात. तंतुकणिका चालली तर सुमारे ३०.

हा प्राणवायू लाल रक्तपेशी पोचवतात. त्यांच्यात स्वतःच्या तंतुकणिका नसतात. वाहून नेलेला प्राणवायू त्या इतरांनाच देतात. सिकलसेलच्या आजारात हीच पेशी विळ्यासारखी वाकडी व ताठर होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. १२० दिवस जगायची ती १०-२० दिवसांतच नष्ट होते. प्राणवायू कमी पडला की भट्टी मंदावते. लेकरू थकते, हातपाय ठणकतात, डोळे पिवळे दिसतात.

नागपूर भागातील सिकलसेलची नोंद डॉ. शुक्ला व डॉ. सोलंकी यांनी १९५८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात केली. विदर्भात आदिवासी बांधवांप्रमाणे आपल्या समाजातही हा आजार आढळतो. तो पूर्वजन्मीचे पाप नव्हे. आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता २५ टक्के असते. एकच वाहक असून दुसऱ्याचे रक्त निर्दोष असेल, तर अपत्याला हा आजार होत नाही. म्हणजे वाहकाचे लग्न मोडण्याचे कारण नाही. लपविण्याचे तर मुळीच नाही.

१ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. पण सुरुवात आपल्या घरातून व्हावी. लग्न जुळविताना कुंडली नको, दोघांच्या रक्ताचा रिपोर्ट पाहा. थकणाऱ्या लेकराला रागावण्याआधी मेडिकल किंवा मेयोत नेऊन रक्त तपासा. औषधोपचाराने त्याचे दुखणे कमी होऊ शकते.

जयभीम!