पिलांना ऊब द्या, धूर नको



थंडीत कोंबडीची पिलं आणली की पहिले तीन-चार आठवडे खरी परीक्षा असते. वीज गेली की बल्ब विझतात. मग आपण काय करतो? लाकडाची नाहीतर कोळशाची शेगडी पेटवून खोलीत ठेवतो आणि वारा नको म्हणून पडदे गच्च बांधतो. एका गावी मी सकाळी गेलो, तर अशाच खोलीत निम्मी पिलं मेलेली होती. राखणीला झोपलेल्या मालकाचं डोकं जड झालं होतं, उलट्या होत होत्या. तो वाचला, हे नशीब.

हे का होतं? कोंडलेल्या जागी जळण नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. निखारे लाल असले, धूर दिसत नसला, तरी तो असतो. म्हणून विस्तव बाहेर ठेवा, ऊब तेवढी आत घ्या.

त्याची रीत सोपी आहे. भिंतीबाहेर विटामातीची छोटी भट्टी घाला. तिचा धूर १५ सेंटिमीटर रुंदीच्या लोखंडी नळीतून खोलीच्या कडेकडेने न्या व पलीकडच्या भिंतीतून धुराड्यात सोडा. ऊब वर चढते, म्हणून नळी जमिनीपासून वीत-दीड वीतच उंच असावी. भट्टीकडून धुराड्याकडे मीटरला दोन सेंटिमीटर तरी चढ द्या. वळणं कमी ठेवा. धुराडं छपराच्या वर काढा, नाहीतर धूर ओढला जाणार नाही. भट्टीजवळ जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वापरू नका. फार तापला की त्याचा धूर बाधतो.

सांधे मातीने लिंपा. पिलं आणण्याआधी भट्टीत थोडा ओला पाला टाकून बघा. आत धूर दिसला तर सांधा गळतो. तो आधी बुजवा. नळीभोवती जाळी लावा आणि हातभर जागेत तूस पसरू नका, आग लागेल. गवती छप्पर असेल तर ही भट्टी करूच नका.

जळण वाळलेलंच घाला. ओल्या लाकडाची बरीच धग पाणी आटवण्यातच जाते आणि नळीत काजळी धरते. प्रत्येक खेपेनंतर नळी झाडून घ्या. पडदे खालून बंद ठेवले तरी वरची हातभर फट उघडीच ठेवा.

पिलं येण्याआधी एक दिवस खोली तापवा. पिलाच्या पाठीच्या उंचीवर तापमापक टांगा. पहिल्या आठवड्यात ३५ अंश सेल्सिअस ठेवा, पुढे दर आठवड्याला ३ अंश कमी करा. पण तापमापकापेक्षा पिलांकडे बघा. एकावर एक चढून गठ्ठा केला, तर त्यांना थंडी वाजते. नळीपासून लांब पळून चोच उघडून धापा टाकू लागली, तर उष्णता जास्त झाली. सगळीकडे सारखी पसरून दाणा खात असली की समजा, बेत जमला.

आणि एक सांगणं ऐकाच. राखणदाराची खाट त्या खोलीत टाकू नका. पिलं पुन्हा आणता येतील, माणूस नाही.