ग्रहणाचा अंधार आणि चलच्चित्रण

प्रकाश हळूहळू उणावू लागला की मनुष्याचा डोळा त्याच्याशी आपोआप जुळवून घेतो. खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी सूर्यबिंब निम्मे झाकले गेले तरी पाहणाऱ्यास उजेड कमी झाल्याचे सहसा जाणवत नाही. वस्तुतः त्या क्षणी भूमीवरील प्रकाश निम्म्यावर आलेला असतो. निरभ्र दुपारी तो सुमारे १,००,००० लक्स असतो. खग्रास अवस्थेत तो अवघ्या काही लक्सवर येऊन ठेपतो.

कॅमेऱ्यातील स्वयंचलित योजनाही डोळ्यासारखीच वागते. दृश्य काळवंडले की ती अधिक प्रकाश आत घेते. परिणामी चित्रात ग्रहणाचा अंधार साध्या दुपारसारखा दिसतो, आणि जे टिपावयाचे तेच पुसले जाते. यास्तव अशा प्रसंगी उद्भासन, म्हणजेच एक्स्पोजर, स्वहस्ते ठरविणे इष्ट होय.

उद्भासन तीन गोष्टींवर अवलंबून असते : भिंगाचे छिद्र, झडप उघडी राहण्याचा काळ आणि संवेदनक्षमता. प्रकाश दुप्पट वा निम्मा झाला म्हणजे एक स्टॉपचा फरक पडला असे म्हणतात. चलच्चित्रणात झडपेचा काळ फारसा बदलता येत नाही. सेकंदाला २५ चित्रे घ्यावयाची असतील, तर तो सामान्यतः १/५० सेकंद ठेवतात. तो फार कमी केल्यास हालचाल तुटक दिसते. म्हणून भर उन्हात भिंगापुढे करडा फिल्टर लावावा, आणि पुढील फेरबदल छिद्र व संवेदनक्षमता यांच्या साहाय्याने करावेत.

आरंभापासून खग्रास अवस्थेपर्यंत भूमीवरील प्रकाशात सुमारे १४ स्टॉपचा फरक पडतो. एकाच योजनेत तो सामावणे कठीण. म्हणून खंडग्रास काळात टप्प्याटप्प्याने, मोजून, छिद्र वाढवीत जावे. खग्रास अवस्थेला सुमारे एक मिनिट उरले, म्हणजे मात्र हात आवरावा व सर्व योजना स्थिर करावी. त्यानंतर झपाट्याने दाटणारा अंधार आणि क्षितिजाभोवतीची संधिप्रकाशासारखी आभा चित्रात यथार्थ उमटते.

खुद्द सूर्याचे चित्रण करणाऱ्याचा प्रश्न निराळा आहे. त्यासाठी प्रकाशाचा सुमारे एक लक्षांश भागच आत सोडणारा सौर फिल्टर भिंगाच्या पुढे बसवावा लागतो. उलट, प्रभामंडलाचे तेज बिंबाच्या तेजाच्या सुमारे एक दशलक्षांश असते. फिल्टरमधून ते दिसणारच नाही. म्हणून शेवटचा तेजोबिंदू मावळताच फिल्टर काढावा आणि पहिला बिंदू उगवताच तो पुन्हा लावावा. फिल्टर नसता कॅमेऱ्याच्या दृश्यभिंगातून खंडग्रास सूर्याकडे पाहणे डोळ्यांस कायमची इजा करू शकते. प्रभामंडलाचा अंतर्भागही बाह्यभागाहून पुष्कळ तेजस्वी असतो. कोणता भाग टिपावयाचा याचा निर्णय आधीच घेतलेला बरा.

२४ ऑक्टोबर १९९५ च्या ग्रहणात भारतातील खग्रास अवस्था साधारण एक मिनिटाचीच होती. एवढ्या अवधीत विचार करण्यास सवड मिळत नाही. हाताला सवय मात्र असावी लागते. २० मार्च २०३४ रोजी खग्रास ग्रहणाचा पट्टा भारताच्या उत्तर टोकावरून जाणार आहे. तोपर्यंत रोजचा सूर्यास्त हा सरावासाठी सर्वांना उपलब्ध असलेला उत्तम वर्ग होय.