जुन्या गोव्यातील एक दिवस

माझा जन्म झाला तेव्हा गोवा हा परदेशच होता. १९ डिसेंबर १९६१ रोजी तो मुक्त झाला. परंतु मेहकरच्या या कीर्तनकाराचे पाय तिकडे वळण्यास साठी उलटावी लागली. गेल्या डिसेंबरात सहकुटुंब पणजीस मुक्काम केला आणि एका सकाळी जुन्या गोव्यास, बॉम जेझूच्या मंदिरात गेलो.

जांभ्या दगडाच्या उघड्या भिंतींचे हे मंदिर. १५९४ साली काम सुरू होऊन १६०५ साली त्याची प्रतिष्ठापना झाली. आत संत फ्रान्सिस झेवियर यांचा देह चांदीच्या पेटीत, संगमरवरी चबुतऱ्यावर उंच ठेविलेला आहे. चीनच्या किनाऱ्यालगतच्या बेटावर ३ डिसेंबर १५५२ रोजी ते निवर्तले. १५५४ मध्ये देह गोव्यास आला. ‘गोंयचो सायब’ म्हणून हिंदूही येथे मेणबत्ती लावतात.

रांगेत नातवाने विचारले, “आजोबा, इथे नमस्कार करायचा ना?”

आयुष्यभर कीर्तनात सर्वांभूती ईश्वर सांगत आलो. पण त्या क्षणी जीभ अडखळली. गोव्यात इन्क्विझिशन आणावे, असे पत्र याच संताने १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजास लिहिले होते. १५६० मध्ये ते न्यायासन आले. त्याच वर्षी कुशस्थळीच्या मंगेशाला भक्तांनी जुवारीपार प्रियोळास नेले. आमच्या मेहकरचा शार्ङ्गधर बालाजीही विध्वंसाच्या भयाने भूमीत दडविलेला. तो १८८८ साली पुन्हा प्रकटला. हे विसरून हात कसे जोडावेत?

इतक्यात शेजारी एक वृद्धा डोळे मिटून पुटपुटताना दिसली. बालाजीच्या उंबऱ्यावर माझी आई अशीच उभी राहत असे. आणि फादर स्टीफन्स आठवले. हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यास आला, मराठी शिकला, आणि नवख्रिस्तींना ऐकण्यास पुराण हवे म्हणून ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या! धर्म बदलला, देव बदलला. कानाला लागलेली ओवी मात्र सुटली नाही.

मी नातवास म्हणालो, “बाळा, त्या आजींच्या भक्तीला नमस्कार कर.” आम्ही दोघांनीही हात जोडले.

सायंकाळी मंगेशीस गेलो. “देवाला आपले गाव का सोडावे लागले?” हा त्याचा पुढचा प्रश्न. मी काहीही लपविले नाही. पत्रही सांगितले, ओवीही सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “म्हणजे आजोबा, दोन्ही लक्षात ठेवायचे.”

वाचकहो, अनेक वर्षे कीर्तनाच्या उत्तररंगात मी जे सांगू पाहत होतो, ते त्या लेकराने एका वाक्यात सांगितले.