कारखान्यातच वेगळी घडलेली गाडी: दुर्मीळ आवृत्त्या का जन्मतात?

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील:

- कारखान्यात बनलेली आवृत्ती आणि नंतर गॅरेजमध्ये बदललेली गाडी यांतला फरक सांगता येईल.
- जकात, परवाना आणि उत्पादनखर्च यांमुळे वेगळी आवृत्ती कशी तयार होते, हे उदाहरणांसह स्पष्ट करता येईल.
- एखादी जुनी गाडी अस्सल आहे का, हे तपासण्याची पद्धत मांडता येईल.

१. प्रस्तावना

बेंगळुरू म्हटले की आज तुम्हाला संगणक आणि सॉफ्टवेअर आठवते. पण १९७० आणि १९८०च्या दशकांत या शहरात मोटारगाड्याही बनत होत्या. बादल, डॉल्फिन आणि माँटाना ही त्यांची नावे. तुमच्यापैकी बहुतेकांनी ती ऐकलीही नसतील. या गाड्या थोड्या बनल्या आणि त्याहून थोड्या उरल्या.

जुन्या गाड्यांचे शौकीन अशा गाडीला ‘दुर्मीळ’ म्हणतात आणि तिथेच थांबतात. आपल्याला एक पाऊल पुढे जायचे आहे. ती दुर्मीळ का झाली? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलात की यंत्राच्या जोडीला त्या काळातले कायदे, कर आणि बाजार दिसू लागतात. या घटकाचा मुख्य मुद्दा हाच: दुर्मीळ आवृत्ती ही बहुधा एखाद्या आर्थिक अडचणीवर कारखान्याने काढलेली तोड असते.

२. संकल्पना

‘आवृत्ती’ म्हणजे मूळ आराखडा तोच ठेवून इंजिन, बांधणी किंवा सजावट यांत केलेला बदल. तो बदल उत्पादनाच्या वेळीच झाला असेल, तर ती कारखानानिर्मित आवृत्ती. मालकाने नंतर करवून घेतला असेल, तर ती केवळ बदललेली गाडी. दोन्ही बाहेरून सारख्या दिसू शकतात, पण इतिहासाचा पुरावा म्हणून पहिलीच उपयोगी पडते.

‘दुर्मीळ’ या शब्दाचेही दोन अर्थ वेगळे ठेवा. काही गाड्या मुळातच कमी बनतात. काही भरपूर बनतात, पण भंगारात जाऊन कमी उरतात.

३. कॅनडाचे उदाहरण: बोमाँट

१९६०च्या दशकात अमेरिकेत ‘मसल कार’ लोकप्रिय झाली. मध्यम आकाराच्या गाडीत मोठे आठ सिलिंडरचे इंजिन, असे तिचे साधे सूत्र. शेव्हरोले कंपनीची शेव्हेल एसएस ३९६ ही त्यातली एक प्रसिद्ध गाडी. ३९६ हा आकडा इंजिनाचा आकार घनइंचांत सांगतो. लिटरमध्ये तो सुमारे ६.५ होतो.

कॅनडात याच गाडीचे एक वेगळे भावंड विकले जाई. तिचे नाव बोमाँट, आणि तिच्या जोरकस आवृत्तीचे नाव एसडी ३९६. सांगाडा आणि इंजिन शेव्हरोलेचे, पण पुढची जाळी, मागचे दिवे आणि आतली मापकांची पट्टी पाँटिॲकच्या वळणाची. ही सरमिसळ का केली असेल?

कारण जकातीत सापडते. त्या काळी अमेरिकेतून आलेल्या तयार गाडीवर कॅनडा १७.५ टक्क्यांपर्यंत जकात घेई. त्यामुळे पाँटिॲकची मध्यम आकाराची अमेरिकी गाडी आणून विकली, तर ती महाग पडली असती. कॅनडातल्या छोट्या बाजारासाठी तिचे वेगळे उत्पादन सुरू करणेही परवडणारे नव्हते. पण पाँटिॲकच्या विक्रेत्यांना विकायला त्या आकाराची गाडी तर हवी होती. जनरल मोटर्सने मधला मार्ग काढला. शेव्हरोलेचाच साचा घ्यायचा आणि त्याला पाँटिॲकच्या धाटणीचा साज चढवायचा.

जानेवारी १९६५ मध्ये कॅनडा आणि अमेरिका यांच्यात मोटार-करार झाला. ठरावीक अटी पाळणाऱ्या उत्पादकांना सीमेपलीकडे जकातीशिवाय गाड्या नेता येऊ लागल्या. बोमाँटची गरज हळूहळू ओसरली आणि १९६९ नंतर ती बंद झाली. जकातीमुळे जन्मलेली गाडी जकातीबरोबर गेली. कमी वर्षे आणि छोटी बाजारपेठ, म्हणून ती आज दुर्मीळ.

४. बेंगळुरूचे उदाहरण: बादल ते माँटाना

आता हीच दृष्टी बेंगळुरूकडे वळवू. मात्र एक फरक ध्यानात ठेवा. कॅनडात अडथळा जकातीचा होता. भारतात जकातीच्या जोडीला परवानाही होता. १९५१च्या उद्योग (विकास व नियमन) कायद्यानुसार कोणी काय आणि किती बनवायचे, यावर सरकारचे नियंत्रण होते. बाजारात मोजक्याच गाड्या होत्या आणि त्यांसाठी ग्राहकांना वर्षानुवर्षे थांबावे लागे.

या फटीत बेंगळुरूची सनराइज कंपनी उतरली. पुढे तिचे नाव सिपानी ऑटोमोबाइल्स झाले. तिची पहिली गाडी बादल ही तीन चाकांची होती. पुढे एक चाक, मागे दोन चाके आणि मागच्या बाजूला सुमारे २०० सीसीचे छोटे इंजिन. नंतर तिचीच चारचाकी आवृत्ती आली. १९८२ मध्ये डॉल्फिन आली. ती ब्रिटनमधल्या रिलायंट कंपनीच्या ‘किटन’ गाडीवर आधारलेली होती. ८४८ सीसीचे ॲल्युमिनियमचे इंजिन, दोन दरवाजे आणि हलके अंग, यामुळे मोटारशर्यतींच्या शौकिनांनाही ती आवडली. पुढे जास्त दरवाज्यांची माँटाना आली.

या सगळ्या गाड्यांचे बाह्यांग फायबरग्लासचे होते. याचे कारण समजण्यासाठी एक काल्पनिक हिशेब करू. समजा, पोलादी पत्रा दाबून आकार देणाऱ्या साच्यांचा खर्च १ कोटी रुपये आहे.

- १,००,००० गाड्या बनवल्या, तर प्रत्येक गाडीवर साच्याचा भार १०० रुपये.
- १,००० गाड्या बनवल्या, तर तोच भार १०,००० रुपये.

फायबरग्लासचे साचे खूप स्वस्तात होतात, पण प्रत्येक अंग हाताने घडवावे लागते आणि त्याला वेळ लागतो. म्हणून थोड्या गाड्यांसाठी फायबर परवडते, भरपूर गाड्यांसाठी पोलाद. सिपानीची निवड तिच्या परिस्थितीला धरूनच होती.

१४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० ची पहिली गाडी ग्राहकाच्या हाती आली. पोलादी अंग, चार प्रवासी-दरवाजे, मोठे उत्पादन आणि सरकारचे पाठबळ. वरच्या हिशेबातली पहिली ओळ मारुतीची होती, दुसरी सिपानीची. पुढे काय झाले, ते तुम्ही रस्त्यावर पाहताच.

५. एकाच गाडीच्या दोन आवृत्त्या: राजदूत ३५०

कधी अडचण सरकारकडून येते, कधी ग्राहकाच्या खिशातून. एस्कॉर्ट्स कंपनीने १९८३ पासून यामाहाच्या आरडी ३५० वर आधारलेली राजदूत ३५० बनवली. ३४७ सीसीचे दोन सिलिंडरचे टू-स्ट्रोक इंजिन असलेली ही मोटारसायकल त्या काळी विलक्षण वेगवान होती. पण ती पेट्रोल फार पीत असे. म्हणून कंपनीने पुढे कमी ताकदीची आवृत्ती काढली. शौकीन आजही पहिलीला ‘एचटी’ आणि दुसरीला ‘एलटी’ म्हणतात: हाय टॉर्क आणि लो टॉर्क.

आज एचटीला मागणी जास्त आहे. साहजिकच सायलेन्सर बदलून आणि सिलिंडरचे पोर्ट घासून एलटीची ‘एचटी’ करणारेही आहेत. इथे घटक दोनमधला फरक व्यवहारात उतरतो.

६. अस्सलपणा कसा तपासावा?

१. चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक आरसी बुकाशी जुळवून पाहा. क्रमांक पुन्हा ठोकल्याच्या खुणा आहेत का, तेही पाहा.

२. त्या वर्षीचे माहितीपत्रक आणि सुट्या भागांची यादी मिळवा. गाडीवरचा भाग त्या यादीत आहे का?

३. भाग जिथे बसवला आहे ती जागा पाहा. कारखान्यातले भोक आणि गॅरेजमधले भोक अनुभवी मेकॅनिकला लगेच ओळखू येते.

४. एकाच पुराव्यावर विसंबू नका. क्रमांक, कागद आणि यंत्र, तिन्ही एकच गोष्ट सांगत असतील तरच विश्वास ठेवा.

जनरल मोटर्सच्या कॅनडातल्या शाखेने जुन्या गाड्यांच्या उत्पादनाच्या नोंदी जपल्या आणि मालकांना त्यांच्या गाडीचा तपशील शुल्क घेऊन दिला. त्यामुळे तिथे खरी एसडी ३९६ ओळखणे सोपे झाले. कंपनी बंद पडते तेव्हा अशा नोंदीही विखुरतात. मग उरलेली गाडी हाच मुख्य दस्तऐवज ठरतो.

७. आज याचे महत्त्व

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली आणि मोठे फेरबदल न झालेली दुचाकी किंवा चारचाकी त्यांत बसते. तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती १० वर्षे चालते. अशी गाडी रोजच्या वापरासाठी नसते. प्रदर्शन, संशोधन, रॅली अशा कामांसाठीच ती रस्त्यावर आणता येते.

‘मूळ रूपात’ या दोन शब्दांकडे लक्ष द्या. १९८२ची डॉल्फिन ५० वर्षांची होईल २०३२ मध्ये. तोवर तिचे इंजिन काढून दुसरे बसवले, तर गाडी चालेल, पण तिने सांगितलेली गोष्ट पुसली जाईल. फायबरचे अंग गंजत नाही; त्याखालचा लोखंडी सांगाडा मात्र गंजतो. जपायचे असेल, तर वाट पाहून चालणार नाही.

सारांश

बोमाँट जकातीतून, डॉल्फिन परवाना आणि छोट्या भांडवलातून, एलटी पेट्रोलच्या खर्चातून जन्मली. अडचण बदलली की आवृत्ती बंद पडते आणि मागे मोजक्या गाड्या राहतात. त्या नीट वाचता आल्या, तर त्या काळाचे अर्थकारणही वाचता येते.

स्वाध्याय

१. कलम चारमधल्या हिशेबात साच्यांचा खर्च ५ कोटी धरा. २,००० आणि २,००,००० गाड्यांसाठी प्रत्येक गाडीवरचा भार काढा.

२. मोटार-करार झाला नसता, तर बोमाँटचे काय झाले असते? कारणांसह लिहा.

३. तुमच्या गावातले एखादे जुने वाहन निवडा. मालकाच्या परवानगीने कलम सहामधल्या चार पायऱ्या वापरा आणि एक पानाचा अहवाल तयार करा.