बख्त बुलंद शाह
बख्त बुलंद शाह हे देवगडचे गोंड राजे आणि नागपूर शहराचे संस्थापक होते. १७ व्या शतकाची अखेर व १८ व्या शतकाचा प्रारंभ हा त्यांच्या राजवटीचा काळ होय. देवगड आज मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात आहे.

== मोगलांशी संबंध ==
देवगडच्या गादीसाठी त्यांनी औरंगजेबाचे साहाय्य मिळवले व इस्लाम धर्म स्वीकारला. 'बख्त बुलंद' (उच्च भाग्याचा) हा किताब बादशहाने दिलेला आहे. त्यांच्या वंशजांचे विवाहसंबंध मात्र गोंड घराण्यांशीच होत राहिले. पुढे मोगल सैन्य दख्खनच्या युद्धात गुंतले असता त्यांनी बंड करून मोगल प्रदेशावर चढाया केल्या. तेव्हा संतप्त बादशहाने त्यांना 'निगून बख्त' (पालथ्या नशिबाचा) म्हणावे, असे फर्माविले. तथापि इतिहासात पहिलेच नाव टिकले.

== राज्यकारभार ==
चांदा व मंडला राज्यांचा काही प्रदेश त्यांनी आपल्या राज्यास जोडला. कारभारात हिंदू व मुसलमान अशा दोन्ही समाजांतील कर्तबगार माणसे नेमली. बाहेरून आलेल्या कष्टाळू लोकांना वसवल्यामुळे शेती, उद्योग व व्यापार वाढीस लागले.

== नागपूरची स्थापना ==
इ.स. १७०२ च्या सुमारास नाग नदीकाठच्या, 'राजापूर बारसा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बारा वाड्या एकत्र करून त्यांनी नागपूर वसवले. त्यांचे उत्तराधिकारी चांद सुलतान यांनी राजधानी तेथे हलवली. चांद सुलतान यांच्या मृत्यूनंतर वारसाकलह उद्भवला. त्यात राणीने पहिल्या रघूजी भोसले यांना मदतीस बोलावले आणि कालांतराने सत्ता भोसल्यांकडे गेली.