संगणकातील 'होस्ट्स' फाइल : नावांची स्थानिक नोंद, उपयोग व दक्षता

प्रस्तावना :
संगणक परस्परांना नावाने नव्हे, तर अंकी पत्त्याने ओळखतात. नावावरून पत्ता शोधून देण्याचे कार्य 'डोमेन नेम सिस्टिम' (डीएनएस) ही जगभर पसरलेली यंत्रणा करते. तथापि सर्वसाधारणपणे संगणक या यंत्रणेस विचारण्यापूर्वी स्वतःजवळील 'होस्ट्स' ही फाइल पाहतो. तीत नाव आढळल्यास तोच पत्ता ग्राह्य धरला जातो.

पार्श्वभूमी :
ही फाइल डीएनएसहूनही जुनी आहे. अर्पानेटच्या काळात सर्व संगणकांच्या नावांची एकच यादी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट येथे ठेवली जाई व इतर केंद्रे तिची प्रत उतरवून घेत. संगणकांची संख्या वाढताच ही पद्धत अपुरी पडली. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. यादी मागे पडली, पण तिचा अवशेष प्रत्येक संगणकात राहिला.

कार्यपद्धती व उपयोग :
बुलढाणा जिल्ह्यातील एखाद्या महाविद्यालयाने ग्रंथालयासाठी 'कोहा' ही मुक्त आज्ञावली स्वतःच्या सर्व्हरवर बसविली, असे समजू. सर्व्हरचा अंतर्गत पत्ता १९२.१६८.१.१० असल्यास वाचनकक्षातील संगणकांत पुढील ओळ लिहावी लागते :

१९२.१६८.१.१० लायब्ररी.इंटर्नल

प्रत्यक्षात अंक व नाव रोमन लिपीतच लिहावेत. आधी पत्ता, मग मोकळी जागा, नंतर नाव, हा क्रम होय. लिनक्समध्ये ही फाइल 'ईटीसी' फोल्डरमध्ये, तर विंडोजमध्ये सिस्टिम३२ मधील 'ड्रायव्हर्स' फोल्डरच्या 'ईटीसी' या उपफोल्डरमध्ये असते. बदलासाठी प्रशासकाचे अधिकार लागतात. फाइलच्या नावास 'टीएक्सटी' हे शेपूट जोडले गेल्यास नोंद निष्फळ ठरते. या नोंदीमुळे बाहेरील इंटरनेट खंडित झाले तरी ग्रंथसूची नावाने उघडते. खाजगी जाळ्यांसाठी 'इंटर्नल' हे शेवटपद आयकॅनने २०२४ साली राखून ठेवले असल्याने बाहेरील नावाशी गोंधळ होत नाही.

मर्यादा व दक्षता :
सर्व्हरचा पत्ता बदलल्यास प्रत्येक संगणकातील ओळ हाताने बदलावी लागते. म्हणजेच १९८३ पूर्वीची अडचण लहान प्रमाणावर पुन्हा उभी राहते. म्हणून सर्व्हरचा पत्ता स्थिर ठेवावा आणि संगणक अधिक असल्यास महाविद्यालयाच्या जाळ्यातच डीएनएसची सोय करावी.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे. लिहिलेली नोंद खरी की खोटी, हे ही फाइल तपासत नाही. घातक आज्ञावलीने बँकेच्या नावापुढे भलताच पत्ता लिहिल्यास, अक्षरन् अक्षर अचूक टाइप करूनही वापरकर्ता बनावट स्थळी पोहोचू शकतो. अशा वेळी ब्राउझरने दिलेला सुरक्षा-प्रमाणपत्राचा इशारा डावलू नये. सामायिक संगणकांवर प्रशासकाचे खाते नित्य वापरू नये व फाइलची अधूनमधून पाहणी करावी.

निष्कर्ष :
'होस्ट्स' फाइल अल्पखर्चिक व उपयुक्त आहे. परंतु तिच्यातील नोंदीवर संगणक निमूट विश्वास ठेवतो. त्यामुळे नोंद कोणी, केव्हा व कशासाठी केली, याची दप्तरी नोंद ठेवणे ही संस्थेचीच जबाबदारी ठरते.